तलावाचा तळ दिसतो का?

परीक्षा संपून मुलांना सुट्टी लागली की गावात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक पोहण्याच्या तलावावर आणि दुसरी आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात. कुणी कान धरून येतो, कुणी डोळे चोळत, तर कुणाला दोन दिवसांपासून जुलाब होत असतात. बरोबरच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, पाण्यात क्लोरीन जास्त झालं असेल का हो?" त्यावर मी उलट विचारतो, "काठावर उभं राहिल्यावर तलावाचा तळ स्वच्छ दिसत होता का?" बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. पाणी निळे होते, एवढेच त्यांना आठवते. निळा रंग बऱ्याचदा फरशीचा असतो, पाण्याचा नव्हे. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, अशी काही तलावांची गत असते.

क्लोरीनबद्दल सगळेच बोलतात. तळ साफ करणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे तलावाच्या व्हॅक्यूमबद्दल, मात्र कुणी विचारत नाही. या लेखात त्याची माहिती करून घेऊ. आता तलाव फक्त नगरपालिकेचा राहिलेला नाही. गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रे अशा अनेक ठिकाणी लहानमोठे तलाव झाले आहेत. पण बांधणाऱ्यांना ते सांभाळता येतातच असे नाही.

गाळ येतो कुठून?

आपल्याकडे पूर्वी मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत. विहिरीला झरे असतात, तरीही दर एकदोन उन्हाळ्यांनी तिचा गाळ काढावाच लागतो. तलावाला तर झराही नसतो. तेच पाणी पंपाने ओढायचे, वाळूच्या फिल्टरमधून गाळायचे, क्लोरीन घालायचे आणि पुन्हा तलावात सोडायचे, असे चक्र चालू असते. वाऱ्याने आलेली धूळ, झाडांची पाने, पायाची माती, गळलेले केस, अंगावरून सुटलेली कातडीची पापुद्री, तेल, पावडर हे सारे त्या पाण्यात पडते. जे हलके असते ते वर तरंगते आणि कडेच्या पन्हाळीतून फिल्टरकडे जाते. जे जड असते ते तळाशी बसते. तळाच्या जाळीतून थोडे ओढले जाते, पण कोपऱ्यातला आणि उतारावरचा गाळ जागचा हलत नाही. फिल्टर कितीही चांगला असला, तरी जी घाण त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ती तो गाळणार कशी?

क्लोरीन कुठे खर्च होते?

क्लोरीनला जंतू आणि कचरा यांत भेद करता येत नाही. पानाचा कुजका तुकडा, घाम, लघवी, शेवाळ, जे सेंद्रिय समोर येईल त्याच्याशी ते संयोग पावते आणि खर्च होते. तळाशी गाळाचा थर असेल तर टाकलेल्या क्लोरीनमधला मोठा वाटा त्यातच संपतो आणि जंतूंसाठी फारसे उरत नाही. पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम, म्हणजे १ पीपीएम, असायला हवे. स्थिरक मिसळलेल्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असतील तर किमान २ हवे. पीएच साधारण ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. हे आकडे राखले तर जुलाबाचे अनेक जिवाणू काही मिनिटांत मरतात. गाळाने क्लोरीन खाल्ले की हे गणित बिघडते.

तलावाचा जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, तेही बऱ्याच वेळा क्लोरीन जास्त झाल्यामुळे नसते. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, हा वास त्यांचा असतो. म्हणजे वास जास्त आला तर क्लोरीन भरपूर आहे असे समजू नये, ते वाया गेले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे, फरशीला जो बुळबुळीत थर धरतो तो जंतूंची वस्तीच असते. त्या चिकट थराच्या आत क्लोरीन नीट पोहोचत नाही. कानाचा आणि त्वचेचा संसर्ग करणारा स्युडोमोनास जंतू अशा थरात सुखाने राहतो. असा थर आधी ब्रशने खरवडावा लागतो आणि मग ओढून बाहेर काढावा लागतो.

यंत्र चालते कसे?

आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो पंपावर चालणारा साधा व्हॅक्यूम. त्याला स्वतःची मोटर नसते. त्याचे भाग तीनच असतात. पहिला भाग म्हणजे तळावरून फिरणारे चपटे तोंड. ते साधारण दीड फूट रुंद असते, त्याला खाली चाके किंवा ब्रश असतात. दुसरा भाग म्हणजे ते फिरवण्यासाठी लावलेला लांब, सरकवून वाढवता येणारा ॲल्युमिनियमचा दांडा. तिसरा म्हणजे तोंडापासून तलावाच्या भिंतीतील व्हॅक्यूमच्या छिद्रापर्यंत जाणारा लवचीक पाइप. ते छिद्र आतून तलावाच्या पंपाला जोडलेले असते.

पंप घाण ओढतो असे आपण म्हणतो, पण शहाळ्यात नळी घालून पाणी पिताना जे होते तेच इथे होते. आपण नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. पंप पाइपमधला दाब कमी करतो, त्यामुळे तळाजवळचे पाणी तोंडाच्या अरुंद फटीतून वेगाने आत शिरते आणि जाताना गाळ घेऊन जाते. फट अरुंद असल्यामुळेच वेग मिळतो. चाके झिजून तोंड फरशीला चिकटले किंवा ते फार उंच राहिले, तर दोन्ही वेळा काम बिघडते.

या सगळ्याचा शत्रू म्हणजे हवा. रुग्णाला सलाईन लावताना नर्स आधी नळीतली सगळी हवा काढून टाकते, हे तुम्ही पाहिले असेल. इथेही तेच करायचे असते, फक्त कारण वेगळे. पाइपमधली हवा पंपात गेली की पंप पाण्याची पकड सोडतो, नुसता घरघरतो आणि तापतो. म्हणून तोंड आणि दांडा जोडून ते आधी तळाला सोडायचे. मग पाइप थोडा थोडा करून सरळ उभा पाण्यात ढकलत जायचे म्हणजे आतली हवा वरच्या टोकातून बुडबुड्यांनी निघून जाते. किंवा स्वच्छ पाणी तलावात परत येते त्या तोटीवर पाइपचे मोकळे टोक धरायचे, पाइप भरतो आणि तळाच्या तोंडातून बुडबुडे येणे थांबते. त्यानंतर ते टोक पाण्याबाहेर न काढता व्हॅक्यूमच्या छिद्राला लावायचे. पाइपला चीर गेली असेल तर हवा शिरतच राहते. मग माणूस तासभर दांडा फिरवतो आणि गाळ तिथल्या तिथेच. नळी फुंकली सोनारे, अशातला तो प्रकार.

सावकाश फिरवणे हेच कौशल्य

व्हॅक्यूम मारायची योग्य वेळ म्हणजे सकाळी, पोहणारे येण्यापूर्वी. रात्रभर पाणी शांत असल्याने तरंगणारे कण खाली बसलेले असतात. आधी भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासायच्या, जाळीने पाने काढायची, कण थोडे बसू द्यायचे आणि मग उथळ बाजूकडून खोल बाजूकडे निघायचे. शेतात नांगराचे तास घालतात तसे एकाला लागून दुसरा पट्टा घ्यायचा, दोन पट्ट्यांमध्ये जागा सुटू द्यायची नाही. घाई केली तर गाळ ढगासारखा उठतो आणि दोन तासांनी पुन्हा तळाला येऊन बसतो.

एक साधा हिशेब सांगतो. २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावाचा तळ ३१२ चौरस मीटर भरतो. तोंड दीड फूट, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद. पूर्ण तळावरून ते एकदा न्यायचे म्हणजे जवळजवळ ७०० मीटर अंतर होते. मिनिटाला दहा मीटर या संथ चालीने सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. तेव्हा "दहा मिनिटांत व्हॅक्यूम मारून टाकला," असे कुणी सांगितले तर तो कोणत्या भागात मारला, हे विचारायला हरकत नाही.

ओढलेला गाळ जातो कुठे?

फिल्टरच्या टाकीवर अनेक दिशांनी फिरणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो 'फिल्टर'वर ठेवला तर ओढलेले पाणी वाळूतून गाळून पुन्हा तलावात येते. रोजच्या थोड्या कचऱ्यासाठी हे पुरेसे आहे. पण काम झाल्यावर वाळू उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. टाकीवरच्या मीटरचा दाब स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा ८ ते १० पौंडांनी वाढला, की बॅकवॉशची वेळ झाली असे समजावे. व्हॉल्व्ह फिरवताना पंप बंद असलाच पाहिजे, नाहीतर आतले पॅकिंग तुटते.

व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवला तर तेच पाणी फिल्टरला वळसा घालून थेट गटारात जाते. गाळ बारीक असेल, शेवाळ मेलेले असेल किंवा तुरटी टाकून पाणी निवळवले असेल, तर हाच मार्ग धरावा. साधा वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे तो एकटा असेल तर वाळूतून सहज पार होऊ शकतो. तुरटीमुळे असे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि ते तळाला बसतात. म्हणून संध्याकाळी तुरटी मिसळून पंप रात्रभर बंद ठेवतात आणि सकाळी तळ ओढून पाणी थेट बाहेर टाकतात. तुरटीने पीएच खाली येतो, तो पुन्हा तपासून घ्यावा.

यात पाणी वाया जाते, असा आक्षेप आपल्यासारख्या टंचाईच्या भागात रास्त आहे. पण वर सांगितलेल्या तलावाची सरासरी खोली दीड मीटर धरली तर त्यात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. तो एकदा रिकामा करून भरायचा, म्हणजे दहा हजार लिटरचे ४७ टँकर झाले. नियमित व्हॅक्यूमने पाणी वापरण्याजोगे राहिले तर ही वेळच येत नाही. त्या मानाने गाळाबरोबर जाणारे पाणी थोडे असते.

व्हॅक्यूम कधी वापरू नये?

तलावात एखाद्या मुलाला शौचास झाली किंवा उलटी झाली, तर व्हॅक्यूमला हात लावू नये. जी घाण एका जागी आहे ती पाइप, पंप आणि फिल्टरमध्ये पसरवण्याचा तो मार्ग आहे. सगळ्यांना पाण्याबाहेर काढावे, घाण जाळीने किंवा बादलीने उचलून संडासात टाकावी आणि ती जाळी-बादली क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करावी. शौच घट्ट असेल तर मोकळे क्लोरीन २ पीपीएम आणि पीएच ७.५ किंवा त्याखाली ठेवून तलाव अर्धा तास बंद ठेवावा. पातळ जुलाब असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम १ पीपीएम क्लोरीनमध्ये सात दिवसांहून अधिक काळ तग धरतो. त्यासाठी स्थिरक नसलेल्या पाण्यात २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास राखावे लागते आणि ते पुन्हा खाली आल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचे नसते. मुलाला जुलाब होत असताना तलावावर पाठवू नका, असे मी सांगतो ते यासाठी. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहणे बंद.

ओढ कुणालाच ओळखत नाही

जी ओढ गाळाला नेते ती मुलाचे केस, हात किंवा अंगही धरून ठेवू शकते. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या छोट्या कुंडात तळाच्या जाळीच्या ओढीने अडकली आणि बुडून मरण पावली. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला आणि तलावांच्या तळाच्या जाळ्या अडकू न देणाऱ्या प्रकारच्या असणे बंधनकारक झाले. आपल्याकडे नियम काहीही असोत, काही गोष्टी पाळायला पैसे लागत नाहीत. व्हॅक्यूम चालू असताना पाण्यात एकही माणूस नको. काम झाल्यावर भिंतीतले व्हॅक्यूमचे छिद्र झाकणाने पक्के बंद हवे. तळाची जाळी तुटली किंवा सैल झाली तर ती बदलेपर्यंत तलाव बंद हवा. पंपाचे बटण कुठे आहे हे काठावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत हवे.

तलाव सांभाळणाऱ्या माणसाचाही विचार करावा. ओल्या फरशीवर तो अनवाणी उभा असतो, हातात धातूचा लांब दांडा असतो. वरून विजेची तार गेली असेल तर तो दांडा उभा धरणे जिवावरचे ठरू शकते. पंपाच्या वीजजोडणीला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच.

आपोआप चालणारी यंत्रे

दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए या अभियंत्याने १९७४ मध्ये पंपाच्या ओढीवरच स्वतःहून तळभर फिरणारे 'क्रीपी क्रॉली' हे यंत्र बनवले. आता विजेवर चालणारे रोबोटही आपल्याकडे मिळतात. त्यांची मोटर आणि गाळणी त्यांच्या पोटातच असते, त्यामुळे तलावाच्या पंपावर भार येत नाही. ते कमी दाबाच्या विजेवर चालतात, पण त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा लागतो. प्रत्येक वेळी पोटातली पिशवी काढून धुवावी लागते. न धुतलेली पिशवी, तसेच पाणी साचलेला पाइप, उन्हात पडून राहिले की जंतूंची नर्सरी होते. पाइप क्लोरीनच्या पाण्याने धुवावा, पूर्ण निथळावा आणि सावलीत सुकवावा. आणि रोबोट कितीही महाग असला तरी तो पाणी निर्जंतुक करत नाही. व्हॅक्यूम गाळ काढतो, क्लोरीन जंतू मारते. एकाचे काम दुसरा करत नाही.

पालकांनी काय पाहावे?

मुलाचे नाव नोंदवण्यापूर्वी सकाळी एकदा तलावावर जा. खोल बाजूच्या काठावर उभे राहा आणि तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते पाहा. तिच्या पट्ट्या ओळखू येत नसतील तर मुलाला पाण्यात सोडू नका. यामागे जंतूंपेक्षाही मोठे कारण आहे. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरच्या जीवरक्षकाला दिसत नाही आणि प्राणवायू न मिळाल्यास चारपाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात शोधाशोध करायला सवड नसते.

पायरीवर हात फिरवून पाहा, बुळबुळीत लागते का. क्लोरीन आणि पीएचची नोंदवही मागा. व्हॅक्यूम कोणत्या दिवशी, किती वाजता मारतात ते विचारा. चांगले सांभाळणारे लोक हे अभिमानाने सांगतात. आणि आपल्या बाजूने मुलाला आधी साबणाने अंघोळ घाला, लघवीला पाठवा, तलावाचे पाणी तोंडात घेऊ नको असे बजावा.

पोहून आल्यावर कानाची पाळी ओढताच दुखत असेल, तर कापसाची काडी किंवा गरम तेल घालू नका, कान दाखवा. डोळे दुसऱ्या दिवशीही लाल राहिले, चिकटू लागले, किंवा जुलाब तीन दिवसांत थांबले नाहीत, तरी दाखवा. आणखी एक दुर्मीळ पण घातक आजार आहे. कोमट गोड्या पाण्यात आणि तळच्या गाळात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूत शिरतो. केरळमध्ये २०२४ साली अमिबाच्या अशा मेंदूज्वराने मुले दगावली. नीट क्लोरीन असलेल्या स्वच्छ तलावात त्याची भीती जवळजवळ नसते. पण साचलेल्या, दुर्लक्षित पाण्यात डुंबल्यावर बारा दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान आखडणे असे काही झाले, तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्या आणि मूल पाण्यात उतरले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पोहणे हा उत्तम व्यायाम आहे. हृदयाला, फुप्फुसांना, सांध्यांना त्याच्याइतका मानवणारा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. तेव्हा भिऊन मुलांना घरी बसवू नका. फक्त पैसे भरण्यापूर्वी काठावर दोन मिनिटे उभे राहा आणि खाली पाहा.